दोष दिसत नाही तेव्हा : पिकअपच्या इंजिनातील लपलेला बिघाड शोधण्याची रीत

छोट्या गावच्या व्यापाऱ्याचे अर्धे दुकान रस्त्यावर असते. नातेपुत्यात बसून सोलापूरच्या चादरी-टॉवेल आणि इचलकरंजीचे कापड मागवायचे, ते माळशिरस, अकलूज, फलटणच्या बाजारपेठांत पोहोचवायचे आणि चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेत पाल टाकायचे, तर दाराशी एक पिकअप लागतेच. फळवाले, भांडीवाले, फर्निचरचे कारागीर, वेल्डिंगवाले, सर्वांचे तसेच आहे. गाडी थांबली की धंदा थांबतो.

गाडी साफ बंद पडली तर एका अर्थाने बरे, कारण दोष समोर असतो. खरा त्रास देतो तो येऊन-जाऊन राहणारा बिघाड. माल भरून निघाल्यावर तासाभराने गाडी ओढेनाशी होते. दहा मिनिटे उभी केली की पुन्हा पळू लागते. गॅरेजमध्ये नेली की काहीच झाले नाही अशी चालते. मिस्त्री म्हणतो, गाडीत काही नाही. ड्रायव्हर म्हणतो, आहे. मालकाला वाटते, ड्रायव्हर कामचुकारपणा करतो किंवा डिझेलमध्ये हात मारतो. मग फिल्टर, नोझल, पंप, सेन्सर असा एकेक पार्ट बदलला जातो, हजारो रुपये जातात आणि बिघाड आहे तिथेच राहतो. शिवाय वर्षानुवर्षे सोबत काम करणाऱ्या माणसांविषयी मनात बदगुमानी येते. हे नुकसान कोणत्याही बिलात दिसत नाही.

आम्ही कापडाचे व्यापारी. पाना चालवणे हा आमचा पेशा नाही. परंतु बिघाड शोधण्याची एक रीत असते आणि ती मालकाला माहीत असली तर मिस्त्रीचे काम सोपे होते, मालकाचा पैसा वाचतो. ती रीत येथे क्रमाने मांडत आहोत.

कापडाच्या दोषावरून एक धडा

कापडात दोष निघाला तर जाणकार माणूस संपूर्ण माग खोलायला लावत नाही. तो आधी दोषाची दिशा पाहतो. उभी रेघ लांबपर्यंत जात असेल तर खोट ताण्याकडची, म्हणजे बीम किंवा फणीकडची असते. आडवी पट्टी असेल तर खोट बाण्याकडची. तोच दोष ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येत असेल तर फिरणाऱ्या एखाद्या भागाकडे नजर जाते. दोषाच्या रूपावरून दोषाची जागा कळते.

इंजिनाचेही असेच आहे. "गाडी बिघडली आहे" एवढ्याने काही कळत नाही. कधी, कुठे, कशी बिघडते हे कळले की निम्मा शोध पूर्ण होतो.

इंजिनाला काय लागते?

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. सिलिंडरमध्ये हवा जोरात दाबली जाते, दाबामुळे ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा पडताच तो पेटतो. म्हणजे पुरेशी हवा, योग्य दाबाचे डिझेल आणि चांगले कॉम्प्रेशन या तीन गोष्टी हव्यात.

जुन्या मॅटाडोरमध्ये किंवा १९८६ साली बाजारात आलेल्या टाटा ४०७ च्या सुरुवातीच्या गाड्यांत डिझेलचा सारा हिशेब यांत्रिक पंप करीत असे. त्या काळच्या पंपांवर आणि नोझलवर मायको हे नाव हमखास दिसे. या कंपनीचा नोझल-इंजेक्टरचा मोठा कारखाना आपल्या नाशिकला आहे. २००८ पासून कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले. अशा गाडीत बिघाड शोधण्यास चांगला कान आणि चांगला हात पुरत असे.

आजच्या बहुतेक डिझेल पिकअप गाड्यांत कॉमन रेल पद्धत आहे. टाकीतले डिझेल कमी दाबाने फिल्टरमधून येते, मोठा पंप त्याला हजार बारहून अधिक दाब देतो, हे डिझेल एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठते आणि तेथून इंजेक्टरकडे जाते. कोणता इंजेक्टर केव्हा आणि किती वेळ उघडायचा याचा हुकूम कॉम्प्युटर देतो. म्हणून हवा, डिझेल आणि कॉम्प्रेशन यांच्या जोडीला चौथी गोष्ट आली, ती म्हणजे विजेचा हुकूम. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना बीएस-६ नियम लागू झाल्यापासून सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळीही आली आहे.

एकच तक्रार या चारपैकी कोणत्याही बाजूने येऊ शकते. बिघाड लपतो तो यामुळे.

आधी सवाल, मग पाना

गाडी गॅरेजला नेण्यापूर्वी ड्रायव्हरजवळ बसून पुढील सवालांची उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. दटावून विचारू नये. ड्रायव्हर हा या मुकदम्यातील पहिला साक्षीदार आहे.

१) बिघाड इंजिन थंड असताना येतो की गरम झाल्यावर?
२) गाडी रिकामी असताना येतो की फक्त भरलेली असताना?
३) सपाट रस्त्यावर की चढावर? ठरावीक वेगाला की कोणत्याही वेगाला?
४) त्या वेळी टाकीत डिझेल किती होते?
५) खड्ड्यात आदळल्यावर, पावसात किंवा गाडी धुतल्यावर येतो का?
६) इंजिन हळूहळू दम टाकते की एकदम बंद पडते?
७) धूर कोणत्या रंगाचा? डॅशबोर्डवर कोणता दिवा लागतो?
८) हा त्रास सुरू होण्यापूर्वी गाडीत कोणते काम झाले होते? डिझेल कोठे भरले होते?

सहाव्या सवालाला विशेष महत्त्व आहे. दिवा विझल्यासारखे इंजिन एकदम बंद पडत असेल तर बहुधा विजेची बाजू तपासावी लागते. धाप लागल्यासारखे हळूहळू बसत असेल तर डिझेल किंवा हवेची बाजू आधी पाहावी. आठव्या सवालाचे उत्तरही अनेकदा गाठ सोडवते. नुकतेच काम झालेल्या जागी एखादी क्लिप सैल किंवा वॉशर दबलेला असू शकतो.

धूर काय सांगतो?

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर, टर्बोचा होज पाईप किंवा जास्त डिझेल सोडणारा इंजेक्टर पाहावा. पांढरा धूर आणि डिझेलचा वास म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडत आहे. पांढरा धूर टिकून राहतो आणि रेडिएटरचे पाणी घटते, तर हेड गॅस्केटकडे संशय जातो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. ताकद गेली पण धूर काहीच नाही, तर बहुधा इंजिनाला डिझेल पुरत नाही.

बीएस-६ गाडीत मात्र जाळी काजळी अडवते, त्यामुळे काळा धूर दिसला नाही म्हणून सर्व ठीक आहे असे समजू नये.

एक नमुना : भरल्या गाडीने दम टाकणे

आता एक नेहमीचा प्रकार घेऊन शोधाची पायरी पाहू. सोलापूरहून गाठी भरलेली पिकअप मोहोळ, पंढरपूरपर्यंत नीट येते. पुढे वेळापूरच्या आसपास तिची ताकद जाते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढत नाही, धूर नाही. थोडे थांबून निघाले की पुन्हा काही मैल ठीक. रिकामी गाडी गावात दिवसभर चालते.

पहिली पायरी इंजिनाच्या बाहेरची. ब्रेक धरून राहिला असेल किंवा क्लच सरकत असेल तरी गाडी ओढत नाही आणि दोष इंजिनावर येतो. गाडी थांबवल्याबरोबर चारही चाकांच्या हबजवळ हात न्यावा, लावू नये. एकच हब बाकीच्यांपेक्षा फार तापला असेल तर ब्रेक पाहावा. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच पाहावा. या तपासणीला एक पैसाही लागत नाही.

दुसरी पायरी टाकीचे झाकण. डिझेल जसे कमी होते तशी टाकीत हवा शिरायला वाट लागते. ती वाट धुळीने बुजली तर टाकीत ओढ तयार होते आणि पंपाला डिझेल मिळेनासे होते. ताकद गेली की लगेच सुरक्षित जागी थांबून झाकण उघडावे. फुस्स असा आवाज झाला आणि गाडी सुधारली, तर हवेची वाट साफ करून काम भागते.

तिसरी पायरी फिल्टर आणि पाणी. फिल्टरखालचा नळ सोडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि अर्धा तास ठेवावे. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे दिसते. बॅरलमधून किंवा कॅनमधून डिझेल भरणाऱ्यांनी हे अवश्य करावे. फिल्टर मुदतीपलीकडे गेला असेल तर बदलावा आणि जुना कापून आत काय अडकले आहे ते पाहावे. गंज, काळा चिकटा किंवा धागे दिसले तर मागे टाकीत काय आहे त्याची कल्पना येते.

चौथी पायरी वाट अर्धी करण्याची. टाकीपासून इंजिनापर्यंतची वाट लांब आहे. सगळी उकलण्याऐवजी मधोमध तोडून पाहावी. ज्या गाड्यांत इंजिनाकडचा पंप डिझेल ओढून घेतो, तेथे मिस्त्री स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन घट्ट बांधून फिल्टरच्या अलीकडे जोडतो आणि थोडा वेळ गाडी भार देऊन पाहतो. बिघाड गेला तर दोष कॅनच्या मागे, म्हणजे टाकीत किंवा पाईपमध्ये. बिघाड राहिला तर दोष पुढे. एका परीक्षेत अर्धी गाडी निर्दोष ठरते. ज्या गाडीत टाकीच्या आतच विजेचा पंप आहे तेथे ही युक्ती लागू नाही. तेथे दाब मोजावा लागतो.

पाचवी पायरी पारदर्शक नळी. फिल्टरच्या अलीकडे थोडी पारदर्शक डिझेल नळी लावली की आत बुडबुडे धावताना दिसतात का ते कळते. बुडबुडे दिसले तर गाडी कोठून तरी एअर घेत आहे. गंमत अशी की ओढीच्या बाजूच्या पाईपला पडलेल्या बारीक चिरेतून डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून खाली थेंब पडत नाही आणि गळती नजरेला येत नाही.

आमच्या नमुन्यात कॅन जोडल्यावर बिघाड जातो असे समजू. बुडबुडे नाहीत, झाकणही ठीक आहे. आता संशय टाकीतल्या ओढनळीवर आणि तिच्या जाळीवर येतो. झाकण हरवले म्हणून टाकीच्या तोंडात कोंबलेली चिंधी, कॅनच्या बुचाला गुंडाळलेला प्लॅस्टिकचा कागद, यांचा तुकडा आत पडून राहतो. गाडी भार घेते तेव्हा ओढ वाढते आणि तुकडा जाळीवर जाऊन चिकटतो. गाडी थांबली की ओढ संपते, तुकडा सुटून खाली बसतो. दहा मिनिटांच्या विश्रांतीने गाडी बरी का होते आणि रिकामी असताना का बिघडत नाही, या दोन्हींचा उलगडा येथे होतो. जे कारण सर्व लक्षणांचा खुलासा करते तेच खरे कारण मानावे. एक लक्षण जरी उरले तरी शोध चालू ठेवावा.

कॅन जोडूनही बिघाड राहिला असता तर पुढची बाजू पाहावी लागली असती. टर्बोचा होज पाईप उभ्या गाडीत धडधाकट दिसतो, पण भार आल्यावर त्याची चीर उघडते. जोडाजवळ तेलाचा ओला डाग आणि शिट्टीसारखा आवाज ही त्याची खूण. इंजेक्टर तपासताना प्रत्येकाच्या परतीच्या नळीला सारखी बाटली लावून ठरावीक वेळ इंजिन चालवतात. एका बाटलीत इतरांपेक्षा फार जास्त डिझेल जमले तर तो इंजेक्टर आतून झिजलेला आहे. चारही नवे घेण्याची गरज नाही, दोषी कोणता ते आधी कळते.

भार देऊन पाहायचे तर गाडी भरलेलीच न्यावी. नातेपुत्याहून शिखर शिंगणापूरचा चढ त्यासाठी बरा. गॅरेजच्या दारात रिकाम्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून भाराचा बिघाड सापडत नाही.

येथे एक ताकीद. जुन्या गाडीत चालू इंजिनावर नोझलचा पाईप सैल करून कोणता सिलिंडर मिसिंग करतो ते पाहत. कॉमन रेल गाडीत हे कदापि करू नये. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून डिझेल शरीरात घुसवते. अशी जखम वरून किरकोळ दिसली तरी ताबडतोब दवाखान्यात जावे लागते.

विजेचा लपंडाव

एकदम बंद पडणाऱ्या गाडीत सुरुवात बॅटरीपासून करावी. साधा मल्टीमीटर प्रत्येक मालकाने ठेवण्यासारखा आहे. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी किंवा तिची जोडणी संशयास्पद.

त्यानंतर अर्थिंग. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा आला तर अर्थची पट्टी गंजलेली किंवा सैल आहे. दोष एका पट्टीचा असतो, पण कॉम्प्युटरला चुकीचे संदेश जातात आणि निर्दोष सेन्सर बदलले जातात.

गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर चालू होते, तर क्रँक सेन्सर तपासावा. बंद पडलेल्या अवस्थेत सेल्फ मारताना आरपीएमचा काटा मुळीच हलत नसेल तर संशय बळावतो. पण त्याची वायर आणि कनेक्टरही आधी पाहावे. इंजिन चालू ठेवून वायरिंगचा जुडगा पंखा-बेल्टपासून दूर, जपून हलवावा. एखाद्या जागी हात लागताच इंजिन आचका देत असेल तर जागा सापडली. उसाच्या पट्ट्यात उंदीर फार, आणि उभ्या गाडीची वायर त्यांना आवडते, हेही ध्यानात ठेवावे.

स्कॅनर हा हकीम नव्हे

स्कॅनर लावला की कोड येतो आणि अनेकजण कोडात नाव आलेला पार्ट लगेच बदलतात. कोड फक्त तक्रार सांगतो. "रेलचा दाब कमी" असा कोड आला तर सेन्सर खराब असेल, पंप असेल, इंजेक्टर असेल किंवा टाकीतली ती चिंधीही असेल. ताप मोजणाऱ्याने तापाचे कारण सांगितले असे होत नाही.

स्कॅनरचा खरा उपयोग गाडी चालवताना आहे. बिघाड येईल त्या क्षणी रेलचा मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी शेजारी पाहावा. मागितला तेवढा मिळत नसेल तर डिझेलची बाजू. डिझेल बरोबर आणि टर्बोचा दाब कमी, तर हवेची बाजू. दोन्ही बरोबर तरी गाडी ओढत नसेल तर सायलेन्सरची वाट, कॉम्प्रेशन किंवा पुन्हा क्लच-ब्रेक. कोड पुसण्यापूर्वी कागदावर उतरवून घ्यावा. पुसलेला पुरावा परत मिळत नाही.

बीएस-६ गाडीबाबत आणखी एक. दुकान ते गोदाम अशा छोट्या फेऱ्यांत, किंवा आषाढात पालखीच्या गर्दीत तासन्‌तास रांगत जाताना, सायलेन्सर पुरेसा तापत नाही आणि जाळीत काजळी साठते. कंपनीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे काजळी जाळण्याची फेरी पूर्ण होऊ द्यावी. जाळी काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. ते बेकायदेशीर आहे.

शोधाची मजुरी

शेवटी व्यवहाराची गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. आपण मिस्त्रीला पार्ट बसवण्याचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. त्याने दोन तास डोके लढवून एक चिंधी काढली तर आपण म्हणतो, "यात काय केलेस?" त्याने पंप बदलला तर मोठे बिल मुकाट्याने भरतो. मग गरीब मिस्त्री पार्ट बदलण्याकडे वळला तर दोष एकट्या त्याचा नाही. कारागिराच्या हाताची किंमत आपण जाणतो, कारण आपल्यातले पुष्कळजण स्वतः कारागीर आहेत. डोक्याचीही जाणली पाहिजे.

म्हणून गाडी देतानाच ठरवावे : शोधाची मजुरी वेगळी मिळेल, दोष एक रुपयाचा निघाला तरी मिळेल. त्याबदल्यात मालकाने चार अटी घालाव्यात. एका वेळी एकच वस्तू बदलायची. बदलण्यापूर्वी ती खराब आहे हे मोजून किंवा दाखवून द्यायचे. जुना पार्ट मालकाच्या हाती परत द्यायचा. बदलून फरक पडला नाही तर ते वहीत लिहायचे. दोन वस्तू एकदम बदलल्या तर गाडी सुधारूनही दोष कशात होता ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते.

ती वही गाडीतच ठेवावी. तारीख, किलोमीटर, भार, टाकीतले डिझेल, बिघाडाची जागा आणि केलेले काम, एवढ्या नोंदी पुरेत. आपण उधारीच्या वहीत पै-पैचा हिशेब ठेवतो. ज्या गाडीवर ती उधारी उभी आहे तिचा हिशेब चार ओळींत ठेवणे जड नाही. येत्या यात्रेच्या हंगामापूर्वी वही सुरू करा, ड्रायव्हरला ती लिहायला शिकवा, आणि पहिली नोंद आज बॅटरीच्या व्होल्टची करा.